मोनिकाच्या नावाची पाटी

माणसाची किंमत मी त्याच्या फोटोच्या मापावरून ओळखतो. यात शहाणपणा काही नाही, धंदाच तसा आहे. गारखेड्यात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. या शहरात कोण मोठा झाला, कोण कोणावर रुसला, कोणाचं कोणाशी जुळलं, हे माझ्या मशीनवर आधी येतं आणि पेपरात मागून. काल मधोमध ज्याचा फोटो होता तो आज खालच्या रांगेत बटणाएवढ्या गोलात जाऊन बसतो. गोलातूनही गेला की समजायचं, संपला. शहराचं नाव बदललं तेव्हा तर दुकानांच्या नव्या पाट्या छापून छापून माझं मशीन तापायचं. अशी हजारो नावं मी छापली. चांगली माणसं त्यात थोडी, हे मला कोणी सांगायची गरज नाही.

या सगळ्या नावांत मोनिकाचं नाव मी एकदाच छापलं. ते कशासाठी छापलं, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

मोनिका म्हणजे मोनिका ऋतुराज डोईफोडे. माहेर वैजापूरचं, सासर पाचोडचं, आणि संसार माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या दोन खोल्यांत घर. वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते, त्यामुळे मापात पाप तिला खपत नाही. बी.एस्सी. कॉम्प्युटर इथल्याच कॉलेजातून केलं. अंगानं किडकिडीत, चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावर जास्त, आणि जीभ अशी की समोरच्यानं जरा जपूनच बोलावं. एकदा एका शाळेचे अध्यक्ष तणतणत आले, आमच्या वेबसाइटवर कोणीतरी घुसून घाण टाकली म्हणाले. मोनिकानं तपासलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं की साहेब, तुमचा पासवर्ड तुमचंच नाव आहे, आणि ते नाव तुम्ही प्रत्येक चौकात टांगून ठेवलंय. ते फ्लेक्स मीच छापले होते. मी खाली येऊन पोटभर हसलो.

तिचा नवरा ऋतुराज. पांढरा कडक शर्ट, अत्तराचा वास, हात मिळवला की सोडत नाही. गिऱ्हाईक आणणं हेही काम आहे, ते मी नाकारत नाही. पण तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "मी करून देतो, टेन्शन घेऊ नका." त्या वाक्यातला 'मी' मागच्या खोलीत कुकर लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला असायचा. कार्डावर ऋतुराज, पाटीवर ऋतुराज, दिवाळीच्या शुभेच्छांवर ऋतुराज, आणि मोनिकाचं नाव माळ्यावरच्या पितळी भांड्यांवर.

काम काय, तर वेबसाइट सांभाळायच्या. शाळा, मंगल कार्यालयं, दवाखाने, पतसंस्था, मोसंबीच्या नर्सऱ्या. मला आधी वाटायचं प्रत्येकाचं एकेक मशीन असेल. तिनं सांगितलं, मशीन एकच, त्यात खोल्या अनेक. ज्या नावानं हाक येईल त्या नावाची खोली उघडायची. ज्यांना वेबसाइटसाठी स्वतःचं नाव विकत घ्यायचं नसे त्यांना ती डोईफोड्यांच्याच पत्त्याच्या आधी त्यांचं नाव जोडून द्यायची. आमच्या पत्त्याच्या आधी कोणतंही नाव लावा, हाक आमच्याच मशीनला येते, असं ती म्हणायची. नाव ओळखीचं असलं तर ज्याच्या त्याच्या खोलीत. नाव ओळखू आलं नाही, तर मशीन पाहुण्याला पहिल्या खोलीत नेऊन बसवतं. शहराचं नाव बदललं तेव्हा लोकांनी वेबसाइटचंही नाव बदलून मागितलं. तिनं प्रत्येक खोलीला जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं लावून दिली. कोणत्याही नावानं या, घर तेच. मी नव्या पाट्या लावत होतो, लोक जुन्या फोडत होते. तिनं कोणाचीच पाटी न फोडता काम केलं.

हे सगळं घरात एकाच माणसाला कळत होतं, तो म्हणजे तिचा सासरा. रामकिसन आप्पा पाचोडला मोसंबी सांभाळायचे आणि बाजार करून आठवड्यातून एकदा इकडे यायचे. वर जायच्या आधी माझ्या दुकानात टेकायचे. सातवी शिकलेला माणूस, पण सुनेच्या मागं बसून तासन्‌तास स्क्रीनकडे बघायचा. एक दिवस आप्पा खाली आले आणि म्हणाले, "बन्सी, वरची पाटी बदलायची हाय. पोराचं नाव हाय तसं राहू दे, पण त्याच्या शेजारी पोरीचं पायजे. खाली नाय, शेजारी. अक्षर सारखं."

मी तिथल्या तिथं पाटी तयार केली. ऋतुराज आणि मोनिका, एकाच मापाची अक्षरं, प्रत्येक अक्षर फूटभर. आप्पांनी मोनिकाला वरून बोलावून दाखवली. इतक्या बोलणाऱ्या बाईनं त्या दिवशी नुसता चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा डोक्यावर नेला, आणि चहा टाकते म्हणून वर निघून गेली. ऋतुराज म्हणाला, छापू की, दसऱ्याला लावू. दसरा आला, गेला. पाडव्याला लावू, म्हणाला. पाडव्याच्या आधी आप्पाच गेले. बागेत पाणी धरताना छातीत कळ आली, तिथंच बसले ते बसलेच. पाटी माझ्या मशीनमध्येच राहिली.

आप्पांच्या नावानं ऋतुराजनं एक पान तयार करून घेतलं. फेटा बांधलेला फोटो, हार, आणि वर ठसठशीत अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पान मोनिकानंच केलं, आणि मायेनं केलं. मग ऋतुराजनं फर्मान सोडलं की मशीनमध्ये हे पान सगळ्यात पहिलं पाहिजे. घरातल्या मोठ्या माणसाचं नाव आधी, ही आपली रीत. पत्रिकेतही आपण गेलेल्यांच्या आशीर्वादानंच सुरुवात करतो. मोनिकानं सांगितलं की अहो, पहिली खोली मानाची नसते. जो वाट चुकला, ज्याचं नाव कळलं नाही, तो त्या खोलीत येतो. आप्पांना तिथं नका बसवू. हे ऐकून ऋतुराज म्हणाला, तुला माझ्या बापाचं नाव पहिलं नको वाटतं का? आता यावर सुनेनं काय बोलावं? सासूबाई सरूबाई तिथंच बसल्या होत्या. आप्पा पहिल्या खोलीत गेले.

त्यानंतर आले बद्रीनाथशेठ. यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर मी 'भावी नगरसेवक' छापतो. निवडणूक इतकी लांबत गेली की भावी हेच त्यांचं आडनाव झालं. आमच्या भागात त्यांना सगळे पाठीमागे भावीच म्हणतात. श्रावणात भावींचा वाढदिवस असतो. या वर्षी ऋतुराजनं त्यांना गळ घातली की साहेब, वेबसाइट करू. कार्यकर्त्यानं आपला फोटो टाकायचा, लगेच साहेबांच्या शेजारी त्याचा फोटो असलेलं शुभेच्छापत्र तयार. भावी खूश झाले. माझ्या पोटावर पाय येत होता, पण त्यांनी कार्यक्रमाच्या मैदानाच्या चारी बाजूंना फ्लेक्सही सांगितले, म्हणून मी गप्प बसलो.

अडचण एकच. वाढदिवसाला एकदम हजारो लोक येणार, एकट्या मशीनला झेपणार नाही. मोनिका म्हणाली, पुढं एक वेगळं मशीन उभं करावं लागेल. त्याला प्रॉक्सी म्हणतात. काम मागचंच करणार, पण दारात पुढचं उभं राहणार, गर्दी तेच अंगावर घेणार. हे नेमकं काय, म्हणून मी विचारलं, तर तिनं आमच्या कॉम्प्लेक्सच्या वॉचमनकडे बोट दाखवलं.

"काका, गेटवर हा असतो ना? माणूस आला की विचारतो, कोणाकडे जायचंय. मग वर फोन करून सांगतो, अमक्याकडे पाहुणा आलाय. त्यानं नाव सांगितलंच नाही, नुसतं म्हणाला कुणीतरी आलंय, तर वरचे लोक काय करतील?"

मी म्हणालो, जो पहिला दार उघडेल त्याच्या घरात घेतील.

"मग, तेच. पुढच्यानं मागच्याला नाव सांगायचं, एवढी एक ओळ लिहावी लागते. ती राहिली की सगळा गाव पहिल्या खोलीत."

हे मला कळलं. फ्लेक्स छापणाऱ्या बन्सीला कळलं. ऋतुराजला कळून घ्यायचं नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं की भावींसमोर मान खाली जायला नको. तो तिला म्हणाला, हे एवढं पार पाड, या दसऱ्याला आप्पांनी सांगितलेली पाटी लावतो. हे तो माझ्या दुकानात, माझ्यासमोर म्हणाला. मोनिकानं माझ्याकडे बघितलं. ती पाटी अजून मशीनमध्ये आहे, पुसलेली नाही, एवढं मी तिला सांगितलं. त्या दिवसापासून तिनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं.

वाढदिवसाच्या आठवडाभर आधीच तिनं पुढचं मशीन उभं केलं आणि सगळ्या वेबसाइट त्याच्या मागं नेल्या. शाळा, दवाखाने, पतसंस्था, सगळं हललं आणि एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. कोणाला कळलं नाही म्हणजे काम नीट झालं, असं तिचं म्हणणं. मी तिला म्हणालो, पोरी, हाच तर तुझा घोटाळा आहे. या शहरात जे कळत नाही ते झालंच नाही.

आणि तसंच झालं. ऋतुराजनं कार्यक्रमपत्रिकेत छापून घेतलं होतं की साहेबांच्या शुभहस्ते कळ दाबून सर्व्हरचं उद्घाटन. आमच्याकडे नळाची तोटी बदलली तरी नारळ फुटतो, मग सर्व्हर कसा सुटणार? मोनिका म्हणाली, उद्घाटन कशाचं करणार, आठवडाभर चालूच आहे. फार तर मी स्क्रीनवर पडदा उघडल्याचं चित्र करून देते, कळ दाबली की पडदा सरकेल. तिनं ते करूनही दिलं. पण भावींच्या माणसांपैकी कोणीतरी ऋतुराजला सगळ्यांदेखत विचारलं, खरंच चालू होणार ना, का नुसता खेळ? ते त्याला लागलं. खोट्या कळीनं त्याची इज्जत जाणार होती.

मग त्यानं काय केलं असेल? चालू असलेलं मशीन त्या दिवशी मुहूर्ताच्या जरा आधी बंद केलं. बायकोला न सांगता, फक्त पुन्हा चालू करता यावं म्हणून बंद केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या दिवशी आमच्याकडे पाणी आलं होतं. आमच्या भागात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो, फक्त त्या दिवशी बाई घर सोडू शकत नाही. त्यामुळे मोनिका मैदानावर नव्हती. ती मागच्या अंगणात ड्रम भरत होती. मी मात्र तिसऱ्या रांगेत होतो, माझे फ्लेक्स वाऱ्यानं फाटतात का बघायला.

स्टेजवर मोठा पडदा होता, भिंतीएवढा. समोर केक, केकवर भावींचा फोटो, भावींच्या हातात सुरी. मुहूर्त झाला. भावींनी कळ दाबली. बाजूला ऋतुराज लॅपटॉप घेऊन बसला होता, त्यानं त्याच वेळी पुढचं मशीन सुरू केलं. पण बंद करताना त्यानं मोनिकाची फाइल बाजूला काढली होती, आणि परत घालताना चुकीची घातली. तिनं पहिल्या दिवशी नुसती चाचणीला म्हणून लिहिलेली एक जुनी फाइल तिथंच होती. तिच्यात नाव सांगायची ओळ नव्हती. त्याला दोन्ही सारख्याच दिसल्या.

पडद्यावर आप्पा आले. फेटा, हार, आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

बँडवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवत राहिले. भावी हातात सुरी घेऊन पडद्याकडे बघत होते. त्यांच्या मातोश्री पहिल्या रांगेत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. तोवर मैदानातल्या प्रत्येकानं आपापल्या मोबाइलवर तेच उघडलं होतं. वर पत्त्यात भावींचं नाव आणि खाली श्रद्धांजली. त्याचे फोटो निघाले आणि केक कापायच्या आत ते वैजापूरपर्यंत पोहोचले. नुसते भावीच नाहीत, मंगल कार्यालय उघडा, बाळंतपणाचा दवाखाना उघडा, सगळीकडे आप्पाच. जन्मभर कोणाच्या दारात आगंतुक न गेलेला माणूस, मेल्यावर पोरानं त्याला गावभर नको त्या घरी नेऊन उभं केलं. मला हसू आलं नाही. विरोधकांना मात्र पुष्कळ आलं.

इकडे दवाखान्याचा फोन आल्यावर मोनिका नळ तसाच वाहता सोडून वर पळाली. तिनं बघितलं, एक ओळ घातली, मशीन पुन्हा सुरू केलं. बँड थांबायच्या आत सगळं जागेवर आलं होतं. पण गेलेली वेळ आणि पसरलेला फोटो कोणाच्या बापाला परत आणता येत नाही.

स्टेजवर ऋतुराजच्या भोवती माणसं जमली. एकानं कॉलर धरली. तेव्हा त्यानं माइक घेतला. मी त्याचे शब्द विसरलो नाही.

"टेक्निकल काम सगळं माझ्या मिसेस बघतात. त्यांच्याकडून चूक झाली. त्यांच्या वतीनं मी साहेबांची माफी मागतो."

इतकी वर्षं गिऱ्हाइकांना 'मी करून देतो' सांगणारा हा माणूस. काम मोनिका करते हे त्यानं पहिल्यांदा जाहीर केलं, ते असं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही माइकवरून.

तेवढ्यानं भागलं नाही. भावींच्या माणसांनी सांगितलं, बदनामी चौकात झाली, माफीही चौकात पाहिजे. दुसऱ्या दिवशी ऋतुराज माझ्याकडे मजकूर घेऊन आला. 'जाहीर दिलगिरी. माझ्या हातून झालेल्या तांत्रिक चुकीमुळे आदरणीय साहेबांच्या व कार्यकर्त्यांच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल मी क्षमा मागते. सौ. मोनिका ऋतुराज डोईफोडे.' मी त्याला विचारलं, तुझ्या बापानं सांगितलेली पाटी छापायला तुला इतकी वर्षं मुहूर्त सापडला नाही, आणि हे आजच पाहिजे? तो म्हणाला, काका, धंदा वाचवायचाय, समजून घ्या. मी म्हणालो, मग तुझं नाव घाल. तो म्हणाला, माझं नाव गेलं तर गिऱ्हाईक जाईल, तिला कोण ओळखतं?

मी नाही म्हणालो असतो तर समोरच्या दुकानात छापून घेतलं असतं. मी म्हणालो, तिला बघू दे, मग छापतो.

मोनिका खाली आली. साडीचा काठ ओला होता, पाण्याची आवराआवर अजून चालू होती. तिनं स्क्रीनसमोर उभं राहून सगळं वाचलं.

मी म्हणालो, "पोरी, खरं काय ते सांगत का नाहीस? मी येतो संगं. भावींना सांगू."

"सांगितलं काका. घरात सांगितलं, दोन्ही फाइली उघडून दाखवल्या. सासूबाई म्हणाल्या, पुरुषाचं तोंड बाहेर असतं, तुझं घरात. बाहेरचं तोंड काळं झालं तर घर बसंल. घरातलं झालं तर कोणाला दिसत नाय."

मग तिनं विचारलं, "माझ्या नावाचं अक्षर केवढं धरलंय?"

"फूटभर."

"आप्पांनी सांगितलेल्या पाटीवर केवढं होतं?"

तिला उत्तर माहीत होतं, पण ती माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती.

"तेवढंच," मी म्हणालो.

"छापा मग."

मी छापला. रंग उडू नये म्हणून चांगली शाई वापरली, आणि मग माझाच मला राग आला.

भावींच्या ऑफिससमोरच्या चौकात तो फ्लेक्स गणपती बसेपर्यंत लटकत होता. मोनिकाला शाल-श्रीफळ घेऊन भावींच्या घरीही नेलं. भावींनी मोठ्या मनानं माफ केलं, त्याचा फोटो काढला, आणि त्या फोटोचा पुन्हा एक फ्लेक्स झाला. त्यात भावी, ऋतुराज आणि श्रीफळ दिसतात. मोनिका कडेला आहे, तिचा अर्धा चेहरा कापला गेलाय. तो मी नाही कापला, फोटोच तसा काढला होता.

गणपतीच्या स्वागताच्या फ्लेक्सला जागा हवी म्हणून माफीचा फ्लेक्स उतरवला. फुकट कशाला घालवायचा म्हणून ऋतुराजनं तो घरी आणला आणि मागच्या अंगणात पाण्याच्या ड्रमांवर झाकण म्हणून टाकला. पाण्याच्या दिवशी मोनिका आपल्याच नावाला दोन्ही हातांनी धरून बाजूला करते, ड्रम भरते, आणि पुन्हा झाकून वर वीट ठेवते. मी एकदा म्हणालो, दुसरा देतो, कोरा. ती म्हणाली, राहू द्या, चांगला जाड आहे.

दसऱ्याला पाटी बदलली, हे मात्र खरं. ऋतुराज मजकूर घेऊन आला. 'ऋतुराज वेब सर्व्हिसेस', आणि बाजूला भावींसोबत त्याचा हस्तांदोलनाचा फोटो. कारण त्या भानगडीनंतर भावींचं आणि त्याचं चांगलंच जमलं होतं. माफी मागणाऱ्यावर मोठ्या माणसांचा लोभ बसतो, माफी दुसऱ्याच्या नावानं मागितली असली तरी. मी विचारलं, आप्पांची पाटी? तो म्हणाला, काका, आता लगेच तिचं नाव लावलं तर लोकांना ते सगळं आठवेल. जरा विसरू द्या. पुढच्या पाडव्याला बघू.

पाटी लावली तेव्हा मोनिका वरून उतरली नाही. आपट्याची पानं द्यायला संध्याकाळी मीच वर गेलो. ती काम करत बसली होती. पुढचं मशीन, मागचं मशीन, सगळ्या खोल्या, सगळ्यांची जुनी-नवी नावं, सगळं तिच्याच हातात. कुठं जाणार? नोकरी बघ म्हणालो, तर म्हणाली, मुलाखतीला गेले तर आधीचं काम काय दाखवू काका, माझ्या नावानं एकच गोष्ट आहे, आणि ती ड्रमावर आहे.

एक गोष्ट मात्र तिनं त्या दिवशी मला सांगितली. आप्पांना तिनं पहिल्या खोलीतून काढलं होतं. त्यांचं पान आता त्यांच्या स्वतःच्या नावाखाली आहे, ज्याला भेटायचं तोच तिथं जाईल. मी विचारलं, मग पहिल्या खोलीत आता कोण? ती म्हणाली, कोणी नाही. वाट चुकलेल्यांसाठी एक ओळ लिहून ठेवलीय, तेवढी पुरे. ऋतुराजनं ते अजून बघितलेलं नाही, आणि बघेल असं वाटत नाही.

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मशीनवर जुन्या फाइली चाळत होतो, तेव्हा ती पाटी सापडली. ऋतुराज आणि मोनिका, सारखं अक्षर. मग काय डोक्यात आलं कोणास ठाऊक, इंटरनेटवर डोईफोड्यांचा पत्ता टाकला आणि त्याच्या आधी, गिऱ्हाइकांचं लावतात तसं, मोनिकाचं नाव लावून बघितलं.

पांढरं पान उघडलं. त्यावर काळ्या अक्षरांत एकच ओळ होती.

'या नावाचं इथं कोणी नाही.'

वरच्या मजल्यावर ती कोणत्यातरी गिऱ्हाइकाला फोनवर समजावत होती, की साहेब काळजी करू नका, ऋतुराज सर करून देतील. आवाज खालपर्यंत स्पष्ट येत होता.